घर बदललं, वाढवलं नाही, तरी साडेबारा टक्के?

इंदूरमध्ये आज ६० लाखांचा साधा टू बीएचके घ्यायचा म्हटला तर नुसत्या रजिस्ट्रीचे ७.५ लाख, म्हणजे किमतीच्या साडेबारा टक्के, बाजूला काढून ठेवावे लागतात. सोसायटीचे वेगळे, फर्निचरचे वेगळे, दलालाचे वेगळे, हे साडेसात लाख फक्त कागद आपल्या नावावर होण्याचे. पहिलं घर घेणारा माणूस कुरकुरत का होईना देतो, कारण त्याच्या हातात काहीतरी नवीन येत असतं. मला बोलायचंय ते दुसऱ्या लोकांबद्दल, ज्यांच्याकडे एक घर आहे, ते विकून साधारण तेवढ्याच किमतीचं दुसरं घ्यायचंय, आणि तेही हौस म्हणून नाही, गुडघे गेले म्हणून, बदली झाली म्हणून, सासू-सासरे राहायला आले आणि एक खोली कमी पडायला लागली म्हणून. अशा नवरा-बायकोकडून सरकारनं नव्या घराच्या अख्ख्या किमतीवर परत साडेबारा टक्के घ्यावेत का? माझं म्हणणं आहे की घेऊ नयेत, घ्यायचेच तर फरकावर घ्या.

आमच्या रामबागेतल्या मल्टीत तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. लिफ्ट नाही. बिल्डिंग झाली तेव्हा सगळेच तिशी-पस्तिशीचे होते, लिफ्ट कोणाला सुचली पण नाही. आता काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाते, आणि एखाद्या नाटकाला जायचं ठरलं की उतरायचं काही नाही गं, परत चढायचं टेन्शन येतं असं म्हणतात. दोघांनी निपानियाकडे लिफ्टवाला फ्लॅट बघितला, ६० लाख. जुन्याचे ५५ येत होते. काकांनी एलआयसीच्या डायरीत हिशोब मांडला, मी समोरच बसले होते, वरचे ५ लाख एफडी मोडून निघत होते. मग खाली रजिस्ट्रीचा आकडा लिहिला, ७,५०,००० आणि त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली. काकू डायरीत डोकावून म्हणाल्या, "अहो, घरांत फरक पाचाचा आणि सरकारला साडेसात? राहू द्या, मी जिनाच चढीन." काका म्हणाले, "तुझ्या नावावर केलं तर ६,३०,००० बसतात." त्यावर काकूंनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोघं अजून तिसऱ्या मजल्यावरच आहेत. आणि असे लोक जुन्या इंदूरमध्ये पायलीला पन्नास आहेत, ज्यांची घरं त्यांच्या वयाला सोयीची राहिली नाहीत पण बदलणं परवडत नाही. म्हातारी जोडपी मोठ्या घरात अडकून बसतात, ज्यांना लहान मुलं आहेत ती लहान घरात अडकून बसतात, आणि अदलाबदल व्हायला हवी ती होतच नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली मिरलीस रिव्ह्यू नावाचा करपद्धतीचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात स्टॅम्प ड्यूटीबद्दल हेच सांगितलं होतं की व्यवहारावर कर लावला की लोक हललेच नाहीत तर बरं असं होऊन बसतं आणि घर ज्याला जास्त उपयोगाचं त्याच्याकडे जात नाही, सबब हा कर काढूनच टाका. तिथल्या सरकारनं ऐकलं नाही ही गोष्ट वेगळी. सरकारं कुठलीही असोत, आयता मिळणारा पैसा सोडायला कोण तयार होतं.

हा साडेबाराचा आकडा येतो कुठून हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, कारण सर्विस प्रोवायडर, म्हणजे रजिस्ट्रीचे कागद करून देणारा, एक टोटल सांगतो आणि आपण भरून मोकळे होतो. फोड अशी आहे, राज्याची स्टॅम्प ड्यूटी ५ टक्के, नगर निगमाचे ३, जनपद पंचायतीचा १ आणि वरून ०.५ उपकर, हे झाले साडेनऊ, त्यात पंजीयन शुल्क, म्हणजे नोंदणीची फी, ३. हे शेवटचं जे आहे ना, ते २०१९ पर्यंत ०.८ टक्के होतं. त्या वर्षी कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे सरकारनं ठरवलेला जमिनी-घरांचा भाव, २० टक्क्यांनी खाली आणली म्हणून पेपरात मोठे मथळे आले आणि दुसऱ्या हातानं हे शुल्क जवळपास चौपट झालं. गाइडलाइन पुढे परत चढली, शुल्क काही उतरलं नाही. म्हणजे नोंदणी करायचं काम तेच, ऑफिस तेच, उलट आता संपदा २.० ही रजिस्ट्रीची ऑनलाइन सिस्टीम आल्यापासून बरंचसं काम तर आपणच ऑनलाइन करतो, आणि फी मात्र किमतीच्या ३ टक्के. स्टॅम्प ड्यूटी हा कर आहे ते ठीक, पण नोंदणीची फी ही सेवेची फी असायला हवी ना, ६० लाखांच्या फ्लॅटची नोंद करायला १,८०,००० रुपयांचं असं काय काम पडतं ते मला कोणीतरी समजावून सांगावं.

बडोद्याला माझी मामेबहीण आहे, तिच्याकडे हाच हिशोब केला तर स्टॅम्प ड्यूटी ४.९ आणि रजिस्ट्रेशन १, मिळून ५.९ टक्के, ६० लाखांवर ३,५४,०००. आणि घर बाईच्या नावावर असेल तर तो १ टक्कापण माफ, म्हणजे २,९४,०००. खरेदी-विक्रीच्या कागदांवरच्या स्टॅम्प ड्यूटीचे दर ठरवणं हा घटनेनं राज्यांना दिलेला विषय, त्यामुळे गायकवाडांच्या गावात एक भाव आणि होळकरांच्या गावात दुप्पट. तिथेही १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री, म्हणजे तिथली गाइडलाइन, दुप्पट केली तेव्हा तिनं फोनवर तासभर सरकारचा उद्धार केला होता, पण ताई, तुझं रडणं आमच्या रडण्यापुढे काहीच नाही.

आता नवरा-बायकोचा मुद्दा, कारण खरी गंमत तिथे आहे. माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिकडे एप्रिल २०१६ पासून दुसरं घर घेणाऱ्याला नेहमीच्या ड्यूटीवर आणखी ३ टक्के भरावे लागायचे, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ते ५ टक्के झाले. कारण उघड आहे, ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी घरावर घर घेत सुटू नये आणि पहिलं घर शोधणाऱ्या पोरांना संधी मिळावी. पण या नियमात एकत्र राहणारे नवरा-बायको म्हणजे एकच माणूस. बायकोच्या नावावर लग्नाआधीचा फ्लॅट असेल, ४० हजार पाउंड किंवा त्याहून जास्त किमतीचा, आणि नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा एकट्याच्या पगारातून एकट्याच्या नावावर घर घेतलं, तरी हिशोबात ते दुसरं घर. लग्न न करता राहत असतील आणि त्याच्या एकट्याच्याच नावावर घेतलं तर तिचा फ्लॅट मोजत नाहीत. आणि लग्न झालेलं आहे पण कायमचे वेगळे राहायला लागलेत, तरीही मोजत नाहीत. म्हणजे संसार धड चालला असेल तर जास्त टॅक्स, मोडला असेल तर कमी. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं त्या कायदा करणाऱ्याची दृष्टच काढली असती.

पण त्याच कायद्यात एक शहाणपण आहे आणि मला तेच उचलावंसं वाटतं. राहतं घर विकून दुसरं राहतं घर घेत असाल, आणि जुनं गेल्या तीन वर्षांत विकलेलं असेल, तर जादाचे ५ टक्के लागत नाहीत. आधी नवं घेतलं आणि जुनं नंतर विकलं, तर ते ५ टक्के आधी भरायचे, पण तीन वर्षांच्या आत जुनं विकलं की परत मिळतात. भाच्याचं असंच झालं, ते दोघं तिच्या फ्लॅटमध्ये राहत होते, नवं घर ठरलं, आणि ऐनवेळी जुन्या फ्लॅटचा गिऱ्हाईक पळाला. आजच्या दरानं ४ लाख पाउंडांचं घर धरलं तर साधी ड्यूटी १० हजार आणि जादाची २० हजार, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या पळण्यानं २० हजार पाउंड अडकले, नंतर फ्लॅट विकला गेला आणि ते सुटले. साधे १० हजार मात्र तिथेही गेलेच, तिथे पण घर बदलणं फुकट नाही हे कबूल. सिंगापूर तर आणखी कडक, तिथे एप्रिल २०२३ पासून नागरिकाला दुसऱ्या घरावर जादाचे २० टक्के आहेत, पण नवरा-बायकोनं दोघांच्या नावावर घर घेऊन पहिलं सहा महिन्यांत विकलं तर ते परत करतात. दोन्ही देशांनी घर बदलणारा आणि घरं जमवणारा यांच्यात फरक केलाय, आणि दोघांनीही हे ओळखलंय की राहतं घर हे एका जोडप्याचं असतं, कागदावर नाव कोणाचंही असो.

आपल्याकडे हा फरक कोणाला कळत नाही असं नाही हं. केंद्र सरकारला चांगला कळतो. राहतं घर विकून नफा झाला आणि विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षं नंतरपर्यंत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर जेवढा नफा नव्या घरात गेला तेवढ्यावर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही. यामागचा विचार हाच की या माणसानं पैसा खिशात घातला नाही, घराचंच घर केलं. आणि योगायोग बघा, २३ जुलै २०२४ पासून त्या टॅक्सचा दरही साडेबारा टक्केच आहे, तोही फक्त नफ्यावर. म्हणजे तेच घर, तेच नवरा-बायको, तोच व्यवहार, दिल्लीचे साडेबारा माफ होतात आणि भोपाळचे साडेबारा होत नाहीत. एका सरकारला जी गोष्ट निव्वळ अदलाबदल वाटते ती दुसऱ्याला कोरी करकरीत खरेदी वाटते.

बरं, नवरा-बायको एक का दोन, यावरही सरकारचं एक मत नाही. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं तर दोन. नवऱ्यानं बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर दुकान घेतलं आणि भाडं यायला लागलं तर एक, ते भाडं नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला खरेदीदारानं १ टक्का टीडीएस कापायचा असतो, त्यात पूर्वी लोक म्हणायचे की घर ८० चं पण आम्ही दोघं चाळीस-चाळीसवाले, मग १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यातच स्पष्ट लिहिलं की सगळ्या खरेदीदारांची रक्कम एकत्र धरायची. सरकारला घ्यायचं असतं तिथे दोघं एक, द्यायचं असतं तिथे दोघं दोन, हे माझं निरीक्षण आहे, एखाददुसरा अपवाद सोडला तर.

बायकांच्या सवलतीचं घ्या. मध्य प्रदेशात बाईच्या नावावर रजिस्ट्री केली तर पंजीयन शुल्क ३ च्या जागी १ टक्का, २०२१ पासून. चांगली गोष्ट आहे आणि मी तिच्या बाजूनं आहे. काही लोक नाकं मुरडतात की या सगळ्या कागदी मालकिणी, नवरा टॅक्स वाचवायला नाव घालतो आणि व्यवहार सगळा तोच बघतो. असू दे की! १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नं बाईच्या नावावरची मिळकत पूर्णपणे तिची आहे, कागदी मालकीण म्हणून का होईना एकदा नाव लागलं की उद्या तिला घरातून उठ म्हणणं अवघड जातं, आणि आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या घरात बायकोची मालकी आपोआप लागत नाही, गोवा सोडलं तर. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासूनचा कायदा आहे, वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची. बाकी देशात बायकोनं तीस वर्षं त्या घरात पोळ्या लाटल्या, फरशी पुसली, हप्त्यासाठी दागिने गहाण ठेवले, तरी कागदावर नाव नाही तर नाही. म्हणून सवलतीच्या लालचेनं नाव लागत असेल तर ती लालूच मला मान्य आहे.

माझी तक्रार जॉइंट नावाबद्दल आहे. गुजरातमध्ये घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर रजिस्ट्रेशन माफ, सोबत नवऱ्याचं नाव आलं की गेलं. महाराष्ट्रात बायकांना १ टक्का सूट, तीही फक्त बायकांच्याच नावावर असेल तर. दिल्लीनं मात्र सरळ गणित ठेवलंय, पुरुषापेक्षा बाईला २ टक्के कमी, दोघं मिळून घेतलं तर १ टक्का कमी. ज्या जोडप्याला खरंच दोघांची मालकी हवी आहे, दोघं कमावते आहेत, दोघांच्या पगारातून लोनचे हप्ते जाणार आहेत, त्यांना गुजरात-महाराष्ट्राचा कायदा सांगतो की एकानं बाजूला व्हा. सवलत हिश्श्याप्रमाणे द्यायला काय हरकत आहे, बायको अर्धी मालकीण तर अर्धी सूट.

आणि घर बदलताना ही सवलत चक्क पायात येते, ते कोणी बोलतच नाही. काका-काकूंचं जुनं घर काकांच्या नावावर. नवं काकूंच्या नावावर घेतलं तर राज्य म्हणतं शाब्बास, १,२०,००० वाचले. पण काकांचा सीए म्हणाला, "काका, थांबा जरा, विकणारे तुम्ही आणि घेणाऱ्या काकू असं झालं तर कॅपिटल गेनच्या सवलतीला उद्या कोणी आक्षेप घेऊ शकतो." कोर्टांचं पण एकमत नाही, दिल्ली हायकोर्टानं २०१३ मध्ये घर बायकोच्या नावावर घेतलं तरी अशा प्रकारची सूट मान्य केली होती, तर मुंबई हायकोर्टानं एका जुन्या प्रकरणात घर मुलाच्या नावावर घेतलं म्हणून नाकारली होती. आता सत्तरीच्या माणसानं यातलं काय वाचायचं आणि कोणत्या हायकोर्टाच्या भरवशावर राहायचं? राज्य म्हणतं बायकोच्या नावावर घे, केंद्र म्हणतं ज्यानं विकलं त्यानंच घे, आणि जोडपं मधल्यामध्ये डायरी घेऊन बसलेलं.

म्हणून मला जे हवंय ते असं. नवरा-बायको दोघांना मिळून एक धरा, पण दोन्ही बाजूंनी धरा. जुनं घर नवऱ्याचं असो, बायकोचं असो का दोघांचं, नवं कोणाच्याही नावावर होवो, ते राहतं घर बदललं असं समजा. तीन वर्षांची मुदत ठेवा, आधी विकून नंतर घेतलं तरी चालेल, आधी घेऊन नंतर विकलं तरी. ड्यूटी आणि शुल्क फक्त दोन्ही किमतींच्या फरकावर. काका-काकूंच्या बाबतीत ५ लाखांचे साडेबारा टक्के म्हणजे ६२,५०० रुपये झाले असते, ते त्यांनी हसत भरले असते. नवं घर जुन्यापेक्षा स्वस्त असेल, आणि म्हातारपणी बहुतेकांचं असतंच, तर फक्त नोंदणीची ठरावीक फी, हजार-दोन हजार काय असेल ती. एकटे राहणारे, विधवा, घटस्फोट झालेले, यांना पण हेच, ते एकाचं कुटुंब. सूट फक्त राहत्या घराला, आणि हवं तर एक कोटीची मर्यादा घाला, बायपासच्या फार्महाउसवाल्यांसाठी मी भांडत नाहीये.

लगेच कोणी म्हणेल की लोक गैरफायदा घेतील, नवरा एक घर दाखवील, बायको दुसरं, दोन-दोन सवलती लाटतील. अहो म्हणूनच तर दोघांना एक धरा म्हणतेय. एका जोडप्याला एकावेळी एकच राहतं घर. संपदावर रजिस्ट्री आधार ई-केवायसीनं होते, कोणाच्या नावावर कधी काय झालं ते सरकारच्या सर्व्हरवर पडलेलं आहे, तपासायला पटवाऱ्याला सायकलवर पाठवायचं नाहीये. आणि गैरफायद्याचंच बोलायचं तर सगळ्यात मोठा गैरफायदा आजच चालू आहे. दर इतका असला की माणूस रजिस्ट्री गाइडलाइनच्या भावानं करतो आणि वरचे कॅशमध्ये देतो, काही जण तर रजिस्ट्री टाळून मुखत्यारनाम्यावरच घर घेतात, २०११ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की त्यानं मालकी मिळत नाही, तरी घेतात. प्रामाणिक माणूस ज्याचे पैसे सगळे खात्यातून जातात, पेन्शनवाला, नोकरीवाला, तो एकटा पूर्ण साडेबारा भरतो.

दुसरा आक्षेप महसुलाचा, आणि तो खोटा नाही. राज्याला या खात्यातून भरपूर पैसा येतो, त्यातूनच रस्ते होतात वगैरे वगैरे. पण एक विसरतात, काका-काकूंचा जुना फ्लॅट जो घेईल तो पूर्ण साडेबारा टक्के भरणारच आहे. ते हललेच नाहीत तर सरकारला त्या ५५ लाखांचे ६,८७,५०० पण मिळत नाहीत आणि नव्याचे पण नाहीत. आज नेमकं तेच झालंय, दोन व्यवहार अडले आणि तिजोरीत शून्य आलं. महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ड्यूटी ५ वरून २ टक्के केली, जानेवारीपासून मार्चपर्यंत ३, तेव्हा मुंबई-पुण्यात रजिस्ट्रेशनला झुंबड उडाली होती. आता त्यातले बरेच व्यवहार पुढे होणारच होते ते आधी ओढले गेले, त्यामुळे तेवढ्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण दराचा माणसाच्या हलण्याशी संबंध आहे एवढं तरी त्यातून दिसतं.

आणि ही अशी वजावटीची कल्पना काही परग्रहावरून आलेली नाही. महाराष्ट्रातच आधीपासून नियम आहे, गुंतवणूकदारानं बिल्डरकडून फ्लॅट घेतला आणि ठरावीक मुदतीत विकला तर त्यानं भरलेली ड्यूटी पुढच्या व्यवहारात वळती होते. ही मुदत आधी एक वर्ष होती, २०२२ मध्ये तीन वर्षं केली. म्हणजे जो फ्लॅटमध्ये एक दिवस राहणार नाही, ज्यानं कुलूप लावून भाव चढायची वाट बघितली, त्याच्यासाठी सरकारनं डोकं लावून वजावट काढली. त्याच राज्यात नवऱ्यानं राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं दिलं तर ड्यूटी फक्त २०० रुपये, हेही छान. म्हणजे नवरा-बायकोत घर फिरलं तर तो व्यवहार नव्हे हे मान्य, गुंतवणूकदाराची ड्यूटी वळती होऊ शकते हेही मान्य, मग दोघांनी मिळून एक घर सोडून दुसरं धरलं तरच अडतं कुठे?

२०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये निर्मला सीतारामन यांनीही म्हटलं होतं की ज्या राज्यांची स्टॅम्प ड्यूटी जास्त आहे त्यांना ती कमी करायला प्रोत्साहन देऊ आणि बायकांच्या खरेदीवर आणखी कमी करण्याचा विचार व्हावा. साडेबारा टक्केवाल्या आमच्या राज्यानं ते आपल्याला उद्देशून आहे असं समजायला हरकत नव्हती.

सगळं एकदम होणार नाही हे मलाही कळतं. नगर निगमाचे ३ टक्के आहेत तसे राहू द्या, इंदूरची सफाई त्यातून होते म्हणतात, ती बंद पडावी असं इंदूरच्या माणसाला स्वप्नातही वाटणार नाही. राज्याच्या ५ टक्क्यांबद्दल भांडण लांबेल, मान्य. पण पंजीयन शुल्कापासून तर सुरुवात करता येईल. राहतं घर बदलणाऱ्या जोडप्याला, नाव एकाचं असो का दोघांचं, ते २०१९ च्या आधीसारखं ०.८ करा, ६० लाखांवर १,८०,००० चे ४८,००० होतील. दरवर्षी १ एप्रिलला नवी गाइडलाइन लागू होते आणि त्याच्या आधी नागरिकांकडून सूचना-आक्षेप मागवतात, तेव्हा आपण सगळे फक्त आपल्या कॉलनीचा भाव किती वाढवला एवढंच बघतो आणि त्यावरच अर्ज देतो. यंदा रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरच्या लोकांनी त्या अर्जात ही एक ओळ वाढवून बघा, मी आमच्या मल्टीतल्या लोकांकडून सह्या घ्यायला सुरुवात केलीये, आणि तिसऱ्या मजल्यावरची सही घ्यायला मलाच वर जावं लागलं.